१३ विरुद्ध ३८

सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना माझे मन १९ मार्च १९१२ या दिवसापाशी नेहमी अडते. त्या दिवशी कलकत्त्यास वरिष्ठ कायदे कौन्सिलात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे प्राथमिक शिक्षणाचे बिल मतास पडले. मागणी ती केवढी! ६ ते १० वर्षांच्या मुलांस शाळेची सक्ती करण्याची मुभा म्युनिसिपालिट्यांना व लोकल बोर्डांना असावी. आणि त्याकरिता बिल निदान सिलेक्ट कमिटीकडे तरी जावे. पैसा नाही, लोकांची तयारी नाही, असे सरकारपक्ष म्हणाला. काही जमीनदार सभासदांनीही त्याची री ओढली. निकाल काय लागणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते, तरी ते बोलले. बाजूने १३, विरुद्ध ३८.

मला सलते ते निराळेच. त्या बिलातही सक्ती आधी मुलग्यांनाच होती. मुलींना ती मागाहून लावता येणार होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी तर १९०६ सालीच मुलींनाही सक्ती केली होती, म्हणजे गोष्ट अशक्य नव्हती. ६ ते १४ वर्षांच्या सर्व मुलामुलींना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आला तो २०१० साली. तरी दिवाळी सरली की आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात, आणि धाकटे भावंड कडेवर घेऊन शाळा सोडते ती बहुधा मुलगीच.