बुरशीचे देणे आणि आपले कर्ज

गोदाकाठच्या या सायखेड्यात ‘बुरशी’ हा शब्द कोणी प्रेमाने उच्चारीत नाही. द्राक्षाच्या घडावर भुरी चढली की वर्षाची मेहनत मातीत जाते आणि चाळीतल्या कांद्याला काळी बुरशी धरली की हातातोंडाशी आलेला घास जातो. अशा गावी बुरशीचे गुण गाणे थोडे धाडसाचेच होय. परंतु ज्या मोजक्या गोष्टींनी गेल्या शतकात माणसाच्या आयुष्याची दोरी लांबवली, त्यांत एका बुरशीचे नाव घ्यावेच लागते.

त्यापूर्वीचा काळ कसा होता? 1896 साली मुंबईत प्लेग शिरला आणि पाहता पाहता सर्व इलाख्यात पसरला. हाफकीन यांनी मुंबईत लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. म्हणजे रोग टाळण्याचा एक उपाय हाती आला. पण रोग जडल्यावर आतल्या जंतूला मारील असे खात्रीचे औषध नव्हते. प्लेगच कशाला, विळ्याची जखम चिघळली किंवा बाळंतिणीला ताप भरला, तरी घरातली माणसे देवावर हवाला ठेवीत.

1928 च्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बशीत बुरशी उगवलेली दिसली व तिच्या भोवतालचे जंतू विरून गेलेले दिसले. त्या बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले. पण तो रस शुद्ध करून औषध बनवण्याचे काम ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी पुढे दहा-बारा वर्षांनी केले. फेब्रुवारी 1941 मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या मरणोन्मुख पोलिसाला ते टोचले. ताप उतरला, तो जेवू लागला. मात्र साठाच इतका तुटपुंजा की त्याच्या लघवीतून पेनिसिलीन परत काढून पुन्हा टोचावे लागले. अखेर तेही संपले, रोग उलटला आणि तो मार्चमध्ये दगावला. औषध होते, पण पुरेसे नव्हते!

हे औषध जंतूला मारते तरी कसे? सायकलचे चाक डोळ्यांपुढे आणावे. आत हवेने तट्ट फुगलेली ट्यूब आणि तिला आवरून धरणारा टायर. जंतूच्या देहातही असाच मोठा दाब असतो आणि त्याला आवरणारी एक जाळीदार भिंत असते. जंतू वाढतो तेव्हा या जाळीत नवे धागे घालून त्यांना गाठी माराव्या लागतात. गाठी मारणारे कारागीर म्हणजे जंतूतली विकरे. पेनिसिलीनचा आकार त्या धाग्याच्या टोकासारखा असतो. कारागीर फसतो, धागा समजून पेनिसिलीनलाच धरतो आणि त्याचा हात तिथेच अडकतो. भिंत विरते, दाब आवरत नाही आणि जंतू फुटतो. टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी 1965 साली हे आकाराचे साम्य दाखवून दिले. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही. म्हणून शत्रू मरतो आणि घर शाबूत राहते. सर्दी-पडशाच्या विषाणूलाही ही भिंत नसते. तेव्हा साध्या पडशाला हे औषध म्हणजे उघड्या माळावर कुलूप लावण्यासारखे आहे.

पोलिसाच्या वेळची टंचाई आपल्या देशाने वेगळ्या रूपाने भोगली. स्वातंत्र्यानंतरही पेनिसिलीन परदेशातून आणावे लागे. हाफकीन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी यांच्यासारखे लोक सरकारी मालकीच्या कारखान्याचा आग्रह धरीत होते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने 1954 साली पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि 1955 साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. महाराष्ट्राच्या मातीत बुरशीचे असे पीक प्रथमच निघाले, आणि तेही सार्वजनिक मालकीचे! पुढे या कारखान्याला वाईट दिवस आले व तो तोट्यात गेला. पण त्याचे ऋण विसरता येत नाही.

आता दुसरी बाजू. काहींना पेनिसिलीन मुळीच सोसत नाही. अंगावर पित्त उठते, क्वचित श्वास कोंडून जीवही जातो. पोटातले उपकारक जंतू मारले जाऊन जीवघेणी हगवण लागू शकते. भिंतीवरच हल्ला करणारे व्हँकोमायसीन मूत्रपिंडाला इजा करू शकते. पण हे धोके एकेका रोग्याचे. सर्वांचा धोका निराळाच आहे.

जंतूही शिकतात. पेनिसिलीनचे तुकडे करणारे विकर अब्राहम आणि चेन यांना 1940 सालीच, म्हणजे त्या पोलिसाला सुई टोचण्यापूर्वीच, आढळले होते. 1945 साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून तो मनानेच थोडेसे पेनिसिलीन घेतो. जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. तेच पत्नीला लागतात, तिला औषध लागू पडत नाही आणि ती जाते. दोष कोणाचा? 1961 पर्यंत मेथिसिलीन या नव्या औषधालाही दाद न देणारे जंतू इंग्लंडात सापडले. 2008 साली भारतातून स्वीडनला परतलेल्या एका रोग्यात असे विकर आढळले की त्यापुढे या घराण्यातली जवळजवळ सर्व औषधे हतबल ठरली. त्याच्या नावात आपल्या राजधानीचे नाव आले.

शेतकऱ्यांनीही आपल्याकडे पाहावे. डाळिंबाच्या तेल्या रोगावर फवारली जाणारी स्ट्रेप्टोसायक्लीन ही पिंपरीचीच पूड. ती भिंत फोडीत नाही, तिची रीत वेगळी. पण तिच्यातली दोन्ही औषधे माणसांचीच आहेत. म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर 2021 मध्ये आदेश काढून 2024 पासून त्यांचा पिकांवरील वापर बंद करण्याचे ठरविले.

पाटाचे पाणी आपण पाळीने घेतो. वरच्याने रात्री चारी फोडली तर खालच्याचे शेत वाळते, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. औषधाची शक्तीही पाटाच्या पाण्यासारखी सर्वांची आहे. दुकानातून मनाने दोन गोळ्या आणणे, डॉक्टरांना न विचारता मध्येच सोडणे किंवा उरलेल्या शेजाऱ्याला देणे, हे चारी फोडणेच होय. 1941 साली औषध संपले म्हणून माणूस गेला. कपाट औषधांनी भरलेले असताना आपली नातवंडे जाऊ नयेत, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.