शाळेची फाईल हरवू नये म्हणून

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडची आपली बरीच मुलं प्रोजेक्ट घरच्या एकाच मोबाईलवर करतात आणि प्रिंटसाठी झेरॉक्सच्या दुकानात जातात. काम हरवतं ते बहुधा इथेच. मोबाईल अब्बूंसोबत कामावर गेला की फाईलही गेली. पेनड्राईव्ह दुकानातून व्हायरस घेऊन येतो तो वेगळाच.

म्हणून आम्ही सांगतो, फाईल दोन जागी ठेवा, त्यातली एक गुगल ड्राईव्हवर. 15 जीबी जागा फुकट मिळते, पण त्यात जीमेल आणि फोटोही मोजले जातात. घरभराचं एकच खातं असेल तर ते शादीच्या व्हिडिओंनीच भरतं! मुलाचं खातं वेगळं काढा. दुकानात ते उघडावंच लागलं तर निघताना साइन आउट करा, पासवर्ड सेव्ह करू नका. व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं धूसर होतात.

उर्दू माध्यमाच्या मुलांची अडचण निराळी. इनपेजची फाईल इनपेज नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. वर्डची उघडते, पण नस्तालीक फॉन्ट नसेल तर मजकूर नस्खमध्ये दिसतो आणि पानं सरकतात. तेव्हा पीडीएफ करूनच पाठवा. मूळ फाईल मात्र पुसू नका. सरांनी दुरुस्ती सांगितली तर तीच लागते.

दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळते आणि ती मूळ कागदाइतकीच ग्राह्य आहे. तिथे नंबर घरात कायम राहणाराच द्या, ओटीपी त्यावरच येतो.