जहाजाच्या लाकडी प्रतिकृतीतील दोरबांधणी

जहाजाच्या लाकडी प्रतिकृतीतील दोरबांधणी म्हणजे शिडाच्या जहाजाच्या लहान प्रमाणातील प्रतिकृतीवर डोलकाठ्या उभ्या करणे, त्यांना ताणदोरांनी आधार देणे आणि शिडे हलवणारे दोर मूळ जहाजाप्रमाणे बसवणे होय. ही बांधणी केवळ सजावटीसाठी नसते. मूळ जहाजावरील प्रत्येक दोराला ठरलेले काम, ठरलेली जाडी आणि ठरलेली जागा असे. म्हणूनच योग्य दोरबांधणी असलेली प्रतिकृती जहाजविद्येच्या इतिहासाचे साधन मानली जाते. या लेखात मुख्यतः अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील तीन डोलकाठ्यांच्या ब्रिटिश युद्धनौकांच्या पद्धतीचा विचार केला आहे. उदाहरण म्हणून मुंबईत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट घेतली आहे.

== इतिहास ==

युरोपात चर्चमध्ये नवसाची जहाजे टांगण्याची प्रथा होती. पंधराव्या शतकातील ‘मातारो’ प्रतिकृती या प्रकारातील असून ती रॉटरडॅम येथील संग्रहालयात आहे. सतराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये ‘नेव्ही बोर्ड’ प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांपैकी काहींवर डोलकाठ्या आणि संपूर्ण दोरबांधणी असे. नेपोलियनच्या काळातील युद्धांत इंग्लंडमध्ये कैदेत असलेल्या फ्रेंच सैनिकांनी हाडांपासून जहाजांच्या प्रतिकृती घडवल्या. त्याही दोरबांधणीसह आढळतात.

विसाव्या शतकात हा छंद अभ्यासाचा विषय झाला. सी. नेपियन लाँगरिज यांनी ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेची प्रतिकृती तयार करून तिच्या आधारे ‘द अ‍ॅनाटॉमी ऑफ नेल्सन्स शिप्स’ (१९५५) हा ग्रंथ लिहिला. जेम्स लीस यांचा इंग्रजी युद्धनौकांच्या डोलकाठ्या व दोरबांधणीवरील ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ साधनांपैकी डेव्हिड स्टील (१७९४) आणि डार्सी लीव्हर (१८०८) यांच्या पुस्तकांचा आधार आजही घेतला जातो.

== डोलकाठ्यांची रचना ==

मोठ्या जहाजाची डोलकाठी एकसंध नसते. खालची डोलकाठी, तिच्यावर टॉपमास्ट आणि त्याच्यावर टॉपगॅलंट मास्ट असे तिचे तीन भाग असतात. दोन भाग जोडताना वरच्या काठीचे बूड खालच्या काठीच्या शेंड्यापुढे येते आणि दोन्ही काही अंतर एकमेकींना समांतर राहतात. या जोडाच्या तळाशी ‘टॉप’ नावाचा मंच असतो, तर वरच्या टोकाला दोन भोकांचा जाड ठोकळा दोन्ही काठ्यांना एकत्र धरतो. त्याला ‘कॅप’ म्हणतात.

पुढची, मोठी आणि मागची अशा तीन डोलकाठ्यांखेरीज जहाजाच्या नाळेवरून पुढे तिरपी गेलेली ‘बोस्प्रिट’ ही काठीही या रचनेचा भाग असते. डोलकाठ्या पूर्णपणे लंबरूप नसतात. सामान्यतः पुढची जवळजवळ सरळ, तर मागची सर्वाधिक मागे झुकलेली असते. हा कल दोर बांधण्यापूर्वीच पक्का करावा लागतो.

== स्थिर दोर आणि चल दोर ==

दोरांचे दोन वर्ग आहेत.

* '''स्थिर दोर''' काठ्यांना उभे धरतात. डोलकाठीला पुढून ओढणारा ‘स्टे’, बाजूंनी व किंचित मागून आधार देणारे ‘श्राउड’ आणि वरच्या काठ्यांना मागे खेचणारे ‘बॅकस्टे’ हे त्यांचे मुख्य प्रकार होत. कुजू नयेत म्हणून त्यांना डांबर लावत. त्यामुळे ते गडद तपकिरी किंवा काळे दिसतात.
* '''चल दोर''' शिडे आणि आडव्या काठ्या हलवतात. ते कप्प्यांतून सरकत असल्याने त्यांना तसे डांबर लावत नसत. प्रतिकृतीत ते ताग किंवा अंबाडीच्या फिकट रंगात दाखवतात.

== प्रमाण आणि दोराची जाडी ==

जुन्या ग्रंथांत दोराचे माप व्यासाने नव्हे, तर घेराने दिलेले असते. ही गोष्ट लक्षात न घेतल्यास संपूर्ण प्रतिकृती बेढब होते. उदाहरणार्थ, १० इंच घेराच्या दोराचा व्यास सुमारे ८१ मिलिमीटर भरतो. १:६४ या प्रमाणात तो सुमारे १.२६ मिलिमीटर होतो. तेच माप व्यास समजून घेतल्यास दोर ४ मिलिमीटर, म्हणजे तिपटीहून अधिक जाड होईल.

‘ट्रिंकोमाली’च्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे ४६ मीटर आहे. १:६४ या प्रमाणात ती सुमारे ७२ सेंटिमीटर येते. एवढ्या लांबीच्या प्रतिकृतीवर एकच जाडीचा दोरा सर्वत्र वापरल्यास ती खेळण्यासारखी दिसते. त्यामुळे कसबी कारागीर लहान पिळयंत्रावर सुताचे किंवा लिननचे पदर पिळून अनेक जाडींचे दोर स्वतः तयार करतात.

== बांधणीचा क्रम ==

दोरबांधणीचे मुख्य सूत्र असे की, प्रत्येक काठी आपल्या पुढच्या आधारावर उभी असते. पुढच्या डोलकाठीचे स्टे बोस्प्रिटला बांधलेले असतात. मोठ्या डोलकाठीचा मुख्य स्टे पुढच्या डोलकाठीच्या पायथ्याजवळ येतो आणि तिच्या टॉपमास्टचा स्टे पुढच्या डोलकाठीच्या वरच्या भागाकडे जातो. मागच्या डोलकाठीचे स्टे मोठ्या डोलकाठीकडे येतात. म्हणून प्रथम बोस्प्रिट नाळेशी आवळून व खाली खेचून पक्की करतात. त्यानंतर खालच्या डोलकाठ्यांचे, मग टॉपमास्टचे आणि शेवटी टॉपगॅलंटचे स्थिर दोर बांधतात.

प्रत्यक्ष युद्धात या परस्परावलंबनाची किंमत मोजावी लागे. ‘ट्रिंकोमाली’चे आराखडे घेऊन निघालेली ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या नौकेशी लढली. या लढाईत तिच्या बोस्प्रिटचे टोक उडाले, त्यानंतर पुढची डोलकाठी कोसळली आणि अखेरीस जहाज काठ्यांविना उरले. ‘जावा’ गमावल्यामुळे मुंबईसाठी आराखडे पुन्हा पाठवावे लागले.

== श्राउड, डेडआय आणि पायऱ्या ==

श्राउड जोडीने तयार करतात. एक दोर मधोमध दुमडून त्याचा फास डोलकाठीच्या शेंड्यावरून खाली बसवतात. त्याची दोन्ही टोके एकाच बाजूला उतरतात. पहिली जोडी उजव्या बाजूची सर्वांत पुढची, दुसरी डाव्या बाजूची सर्वांत पुढची, याप्रमाणे आलटूनपालटून फास एकावर एक रचले जातात. स्टेचा फास त्या सर्वांच्या वर येतो. प्रतिकृतीत स्टे आधी बांधल्यास ही रचना उलटी होते आणि नंतर दुरुस्त करता येत नाही.

प्रत्येक श्राउडच्या खालच्या टोकाला ‘डेडआय’ नावाची तीन भोकांची गोल लाकडी चकती असते. तशीच दुसरी चकती जहाजाच्या बाजूला, बाहेर काढलेल्या फळीवर पक्की असते. दोन्ही चकत्यांच्या भोकांतून ‘लॅनयार्ड’ ही बारीक दोरी ओवून श्राउड ताणतात. सर्व वरच्या चकत्या एका ओळीत याव्यात म्हणून कारागीर वाकवलेल्या तारेचे माप वापरतात. एका बाजूचे सर्व श्राउड आधी आवळल्यास डोलकाठी त्या बाजूला झुकते. त्यामुळे दोन्ही बाजूंचे काम बरोबरीने चालवून ताण समान झाल्यावरच लॅनयार्डची शेवटची गाठ मारतात.

श्राउडवर आडव्या बांधलेल्या दोरीच्या पायऱ्यांना ‘रॅटलाइन’ म्हणतात. त्यांतील अंतर साधारण १३ ते १५ इंच, म्हणजे १:६४ प्रमाणात ५ ते ६ मिलिमीटर असते. मधल्या श्राउडवर ‘क्लोव्ह हिच’ प्रकारची गाठ मारतात. गाठी जास्त ओढल्यास श्राउड आत खेचले जाऊन मधोमध बारीक दिसतात. हा दोष टाळण्यासाठी श्राउडमागे समान रेषा आखलेला कागद ठेवून सैल हाताने काम करतात.

== आडव्या काठ्या आणि चल दोर ==

शिडे ज्या आडव्या काठ्यांना बांधतात त्यांना ‘यार्ड’ म्हणतात. त्यांना वर चढवणारे ‘हॅलियार्ड’, समतल ठेवणारे ‘लिफ्ट’ आणि वाऱ्यानुसार फिरवणारे ‘ब्रेस’ हे त्यांचे प्रमुख दोर होत. पुढच्या आणि मोठ्या डोलकाठीच्या खालच्या यार्डचे ब्रेस मागे जातात. मागच्या डोलकाठीच्या यार्डचे ब्रेस मात्र पुढे, मोठ्या डोलकाठीकडे येतात, कारण त्यांना मागे बांधण्यास जागा नसते.

यार्ड जागेवर बसवण्यापूर्वीच त्यावरील सर्व कप्प्या बांधून घेणे सोयीचे असते. दोर मधून बाहेरच्या दिशेने पूर्ण करत जातात, अन्यथा डेकवरील खुंट्यांपर्यंत चिमटाही पोहोचत नाही. शिडे न लावलेल्या प्रतिकृतीत टॉपमास्टचा यार्ड खाली, कॅपच्या थोडा वर असायला हवा. शिडे नसताना तो उंच चढवलेला दाखवणे ही सर्रास आढळणारी चूक आहे.

== टिकाऊपणा ==

दमट हवेत नैसर्गिक धागे आखडतात आणि कोरड्या हवेत सैल पडतात. कोकण आणि गोव्यासारख्या किनारी प्रदेशांत पावसाळ्यात हा फरक विशेष जाणवतो. त्यामुळे दोर फाजील ताणू नयेत व प्रतिकृती बंद काचपेटीत ठेवावी. नायलॉनचा दोरा ताणला जात असल्याने तो टाळतात. मेण चोळल्याने दोऱ्याचे तंतू बसतात. गाठी पक्क्या करण्यासाठी पातळ केलेला पांढरा गोंद पुरतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने दोरा कडक व ठिसूळ होतो आणि गाठ सोडवता येत नाही.

== ऐतिहासिक महत्त्व ==

जहाजाचा सांगाडा शतकानुशतके टिकू शकतो, पण दोर टिकत नाहीत. हीच स्थिती प्रतिकृतींचीही आहे. अनेक जुन्या प्रतिकृतींचे दोर नंतरच्या काळात बदलले गेले आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी आपल्या काळाची पद्धत त्यांत मिसळली. म्हणून अभ्यासक मूळ दोरबांधणी असलेल्या प्रतिकृतींना अधिक विश्वसनीय मानतात.

जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. तिचा सांगाडा आजही तरंगत असून ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आहे. डोलकाठ्या व दोर मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या जीर्णोद्धारात नव्याने उभारावे लागले. असे काम जुने आराखडे, ग्रंथ आणि प्रतिकृती यांच्या आधारेच होऊ शकते. भारतात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाची दोरबांधणी भारतीय नौदलाच्या ‘तरंगिणी’ या प्रशिक्षण नौकेवर पाहता येते. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली ही नौका १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली.

== हेही पहा ==

* डोलकाठी
* फ्रिगेट
* मुंबई गोदी
* वाडिया घराणे
* आयएनएस तरंगिणी