कुसळ, मुसळ आणि जुन्या म्हणी

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आम्ही प्रवचनात वापरली की मंदिरात हशा पिकतो. हसणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा शेजारी असतो. खरे सांगायचे तर म्हण उच्चारताना आमच्याही डोळ्यांपुढे दुसराच कोणी असतो.

पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेल्या या म्हणी छापील पानावर स्थिरावल्या त्या एकोणिसाव्या शतकात. मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती मुंबईत १८३१ साली निघाली, सुधारलेली दुसरी १८५७ साली. त्यात शब्दार्थाबरोबर त्या त्या शब्दावरील म्हणीही आढळतात. दुसऱ्या आवृत्तीस डॉ. जॉन विल्सन यांनी भाषाविषयक टिपण जोडले. गिरगाव चौपाटीसमोरील विल्सन कॉलेज त्यांच्याच नावाचे. पुढे १८९९ साली चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. मॅनवेरिंग यांनी मराठी म्हणींचा स्वतंत्र संग्रह भाषांतरासह ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केला. या प्रॉटेस्टंट बंधूंचे ऋण आपण मोकळ्या मनाने मानावयास हवे.

ख्रिस्तसभा ज्या सात मुख्य पापांविषयी शिकवते, त्यांची ओळख आपल्या आजीबाईंना म्हणींतूनही होती. गर्वासाठी ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’, आळसासाठी ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’, आणि त्या सातांखेरीज दांभिकतेसाठी ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’! एका ओळीत माणूस उभा राहतो.

परंतु प्रत्येक जुनी म्हण जपण्याजोगी नाही. कित्येक म्हणी एखाद्या जातीला, विधवेला वा सुनेला हिणवतात. परळ-लालबागच्या गिरणगावात कोकणातली आणि घाटावरची, नाना जातिधर्मांची माणसे एकाच चाळीत राहिली. तेथे अशी म्हण सहज तोंडून निघाली, तरी ऐकणाऱ्याच्या जिव्हारी लागे. मूर्खपणाला हसणे वेगळे आणि माणसाच्या जन्माला हसणे वेगळे. दुसरे हसू हेच पाप होय.

पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशूने हाच दोष दाखविला. मूळ ग्रीक शुभवर्तमानात भावाच्या डोळ्यात बारीक काडी आणि आपल्या डोळ्यात तुळई आहे. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी तेथे ‘कुसळ’ आणि ‘मुसळ’ ही जोडी योजली. उखळात धान्य कांडणाऱ्या गृहिणीला ती वेगळी समजावून सांगावी लागली नसेल.

म्हणून पापनिवेदनासाठी गुडघे टेकण्यापूर्वी एखादी आवडती म्हण आठवावी आणि ती शेजाऱ्याऐवजी स्वतःला लावून पाहावी. आम्हीही तसे करू लागलो आहोत. अंगण बहुतेक वेळा सरळच निघते.