हॉटेलातला पगार: एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

कामगारांच्या मुंबईचा इतिहास म्हटला की आधी गिरण्या आठवतात, मग गोदी आणि रेल्वे. त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले, कारण तेथे हजेरीपट होते, युनियन होत्या, संप होते. या साऱ्यांना खाऊपिऊ घालणारे हात मात्र विखुरलेले राहिले: माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत, इराण्याच्या कोपऱ्यावर, गिरणगावातल्या खानावळीत. त्या हातांना मोबदला किती मिळाला आणि कोणत्या रूपात मिळाला, हा या क्षेत्राचा विषय. वाचकांनी येथे थोडे रेंगाळावे, एवढीच विनंती.

पहिली अडचण आकड्याची. ‘पगार किती?’ असे विचारल्यावर जे उत्तर येते, ते बहुधा अपुरे असते. दोन वेळचे जेवण, चहा-नाश्ता आणि शटर ओढल्यावर टेबलांच्या मधली झोपायची जागा हाही पगारच, आणि मुंबईतल्या जागेचे भाव पाहता लहानसहान नव्हे. वेटरला वर टीप मिळते. मोरीवर भांडी घासणाऱ्यापर्यंत ती पोचेल की नाही, हे त्या त्या हॉटेलच्या रिवाजावर. मग वजाबाकी सुरू होते: गावी जाताना घेतलेली उचल, पडलेले खाडे, फुटलेले ग्लास. नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे 1936 च्या वेतनविषयक कायद्याने सांगून ठेवले. फुटलेल्या ग्लासाची अशी सुनावणी कोणत्या गल्ल्यावर झाली असेल, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय ठरावा!

कायद्याची बाजू वाटते तितकी रुक्ष नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यानुसार महाराष्ट्रात या धंद्याचे दर ठरत आले. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग, परिमंडळानुसार वेगळे मूळ वेतन आणि महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेला, दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता, अशी त्याची रचना. ती वाचताना एक प्रश्न तुम्ही मनाशी ठेवावा: आचारी कुशल ठरतो, मग गर्दीच्या वेळी डझनभर ऑर्डरी डोक्यात ठेवणाऱ्या वेटरचे कसब कोणत्या रकान्यात मोजायचे?

आमच्या मते या क्षेत्राचा सर्वांत समृद्ध कोपरा खानावळींचा आहे. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याच्या बोलीने एखाद्या बाईकडे जेवत. त्यांचा हिशेब पगार झाल्यावर चुकता होई. तोवर तिला वाण्याकडून उधारीवर किराणा उचलावा लागे, नाहीतर सावकाराचे व्याज भरावे लागे. चुलीपुढच्या तिच्या कष्टांना मजुरीचा दर नव्हताच. देणी भागवून जे उरेल ते तिचे. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेच्या कर्जाचा रस्ता खुला करून दिला. व्याज उतरले की कमाई वाढते. जेवणाचा दर तोच राहिला तरीही. वेतनाचा अभ्यास पगारपत्रकाबाहेर का न्यावा लागतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. 1982 च्या संपात जेवणारेच गावी परतू लागले, तेव्हा या घरांचे काय झाले, तेही वाचकांनी शोधावे.

अलीकडचा वाद सेवाशुल्काचा. बिलात ते आपोआप लावण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये मनाई केली, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. चर्चा बहुतेक ग्राहकाच्या खिशाची झाली. हा पैसा कामगारांसाठी असतो, असे हॉटेलचालक म्हणत राहिले. पण त्याची वाटणी कशी होते, हे विचारणारे थोडेच निघाले.

नव्या अभ्यासकाने सुरुवात कोठून करावी? अधिसूचना जरूर वाचाव्यात, पण त्याआधी एखादे हॉटेल निवडावे. दुपारी जेवणाची गर्दी ओसरते आणि संध्याकाळच्या चहाची सुरू व्हायची असते, त्या वेळी जावे. पगाराचा आकडा लगेच विचारू नये; गाव कोणते, रात्री झोपता कोठे, शेवटची उचल कशासाठी घेतली, हे आधी विचारावे. आणि मालक गल्ल्यावर असेल, तर चहा पिऊन उठावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.