कुंडी हलली असती तर

करंजाड्यातला आमच्या शेजारचा मुलगा यंत्रमानवाच्या हाताला कॅमेरा बसवून जाहिराती टिपतो. परवा मध्यरात्री स्टुडिओतून त्याचा रडवेला फोन आला. "चाचा, तीच हालचाल पुन्हा केली की चित्र केसभर सरकतं. सकाळपर्यंत जमलं नाही तर काम जाईल." सहाही सांधे तपासून झाले होते.

मला कवीला त्यातलं काय कळणार? आठवले दादासाहेब फाळके. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करत महिनाभर टिपली. कुंडी किंवा कॅमेरा हलला असता तर सगळं मुसळ केरात! ती फीत दाखवूनच 'राजा हरिश्चंद्र'साठी कर्ज मिळालं. सरस्वतीबाईंचे दागिने गेले ते वेगळेच. संगणकाने हालचाल हुबेहूब गिरवणारा कॅमेरा गाजला १९७७च्या 'स्टार वॉर्स'मुळे.

"बाबा, बैठक हलत नाही ना?" मी विचारलं.

पायाचा एक बोल्ट सैल निघाला.