तुलना कोणाशी? एका रक्ततपासणीची गोष्ट

१९५० च्या दशकात परनिशस ॲनिमियाच्या काही रुग्णांना डुकराच्या जठरातून काढलेला इंट्रिन्सिक फॅक्टर तोंडावाटे देत; त्याशिवाय बी-१२ नीट शोषलं जात नाही. पुढे अनेकांना गुण येईनासा झाला. १९५८ मध्ये श्वार्ट्झ यांना अशा रुग्णांच्या सीरममध्ये फॅक्टरला अडवणारा घटक सापडला. औषधाचाच परिणाम, असंच वाटणार ना? पण नंतर तो हे औषध कधीच न घेतलेल्या रुग्णांतही सापडला. म्हणजे शरीर स्वतःच्याच फॅक्टरविरुद्ध अँटिबॉडी बनवत होतं!

आजची टेस्ट तीच शोधते. पॉझिटिव्ह आली तर निदान जवळपास पक्कं. पण साधारण निम्म्या रुग्णांत ती सापडतच नाही. पराएटल पेशींविरुद्धची अँटिबॉडी जास्त रुग्णांत मिळते, पण काही निरोगी माणसांतही. म्हणून कुठलाही निकाल हातात आला की आधी विचारा: तुलना कोणाशी केली?